झाकणाला ठेवलेली फट

मे महिन्यात अकोल्याला हौसेनं कोणी जात नाही. मीही हौसेनं गेले नाही. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय गं, तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" म्हणून एकदाच बसून लिहून काढते आहे. मी जे बघितलं ते पर्यटनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही.

जाण्याचं कारण होतं थर्मोकोलची एक पेटी. पेटीत कोरडा बर्फ, आणि बर्फात करंगळीएवढ्या तीन कुप्या. कुप्यांत काय होतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढची धावपळ वेड्या बाईची वाटेल. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. कुठे जंतू शिरला, कुठे लागलं, की सूज आणा, ताप आणा, असे हुकूम सुटतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात, आणि ते घ्यायला पेशीच्या अंगावर जे प्रथिन बसलेलं असतं त्याला रिसेप्टर. पेशीचा कानच म्हणा ना. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही माणसाचा हा कान पेशीशिवाय, नुसता, शुद्ध स्वरूपात तयार करतो. त्याचं जनुक दुसऱ्या पेशींत घालायचं, त्या पेशी लेकरासारख्या वाढवायच्या, त्यांनी बाहेर टाकलेलं प्रथिन गाळून गाळून घ्यायचं. महिनोन्‌महिने राबल्यावर हाती येतं ते थेंबभर पाणी. ते तापलं की प्रथिनाची घडी विस्कटते, आणि कान बहिरा होतो.

हे पाणी हवं होतं नसरीनला. नसरीन माझी एम.एस्सी.पासूनची मैत्रीण, आता अमरावतीला शिकवते. संधिवाताच्या काही रुग्णांना गोळ्या लागूच पडत नाहीत, हा तिच्या डोक्यातला जुना किडा. तिला शंका होती, की या लोकांच्या रक्तातच असं काही तयार होतं जे त्या कानाला जाऊन चिकटतं, आणि निरोप आलेला नसतानाही सुजेचा हुकूम देत राहतं. हे तपासायला शुद्ध कान हवा, आणि चिकटणं मोजणारं यंत्र हवं. यंत्र एका कंपनीनं नुसतं वापरून बघायला म्हणून दिलेलं, ते शनिवारी परत जाणार होतं. पुन्हा मिळेल अशी आशा नव्हती. कुरियरवाला म्हणाला, पार्सल आधी नागपूरला जाईल, मग अमरावतीला येईल. मे महिन्यात! मी फोन आपटला आणि पेटी घेऊन स्वतःच निघाले.

शुक्रवार. जठारपेठ, अकोला

अमरावतीची गाडी मिळाली नाही म्हणून अकोल्याला उतरले; तिथून मोटारीनं पुढे न्यायला स्टेशनवर नसरीनचे थोरले भाऊ सलीमभाई आले होते. जठारपेठेत त्यांचं पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. खोकी, टेप, थर्मोकोल, सुतळी. मोर्शीकडचे संत्र्याचे व्यापारी त्यांच्याकडून माल नेतात, आणि सलीमभाईंनी बांधलेलं खोकं कलकत्त्यापर्यंत जाऊन उघडलं नाही अशी त्यांची ख्याती आहे. ही ख्याती त्यांनी मला स्टेशनच्या जिन्यावरच सांगितली.

पेटीच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ येत होती. ते वाकून बघायला लागले.

"ताई, याच्यात काय होय? धूर निघून राहिला ना."

"कान आहेत, सलीमभाई."

"कोणाचे?"

"माणसाचे."

ते दोन पावलं मागे सरकले. मग मी समजावून सांगितलं, तर पोट धरून हसले. "पुण्याहून कान घेऊन आल्या! बाप्पा, आता आमची नसरीन कोणाचं आयकन तरी!"

ती वाफ जिथून येत होती ती बोटभर फट मी मुद्दाम ठेवलेली होती. कोरडा बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याचा सरळ वायू होतो, आणि त्या वायूला बाहेर पडायला वाट लागते. एवढं एक वाक्य मी सलीमभाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला घाई होती, आणि त्यांना ते आपोआप कळेल अशी माझी पुणेरी समजूत होती.

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं. गाडीच्या दाराला हात लावला आणि मी किंचाळले. रस्त्यावर माणसं डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून फिरत होती. पेटीतला बर्फ संध्याकाळपर्यंत पुरायला हवा होता आणि मला जेवायला थांबायचंच नव्हतं. तसं मी सांगितलंही. पण वऱ्हाडात पाहुण्यानं "नको" म्हटलं की त्याचा अर्थ "आग्रह करा" असा घेतात.

रेहानाभाभींनी, म्हणजे सलीमभाईंच्या बायकोनं, दालचा-भात केला होता, भरलेली वांगी होती, ज्वारीच्या भाकरी होत्या आणि मोठं पातेलं भरून आमरस. भाकर तळहाताच्या मुळानं थापलेली होती, बोटांचे ठसे कुठेच नव्हते. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. बोटांचे सांधे लाल, टरटरून सुजलेले. लोणच्याची बरणी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एवढं झाकण काढून द्या ना."

सलीमभाई तेवढ्यात बोललेच. "तुमीच समजवा हिले. मोठ्या डॉक्टरनं सांगतलं, या गोळ्यायनं फरक पडलाच पाह्यजे. मंग हिलेच काहून पडत नाही? घेत नसन म्हून!"

भाभी वाढत राहिल्या. माझ्या ताटात आणखी रस ओतला. ताट ठेवायला मी मागे स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या.

"मी घेते ताई गोळ्या. त्याईच्या समोर घेतल्या तरी म्हणतात, मांगून थुकल्या असशीन. पोरंबी तसंच म्हणतात आता. दुखते ते परवडलं बापा, हे नाही परवडत."

त्यांचं रक्तही नसरीनच्या नमुन्यांत होतं, हे मला माहीत होतं. खोटी आशा दाखवायची माझी तयारी नव्हती. पण त्या क्षणापासून पेटीतल्या त्या थेंबांचं वजन मला जाणवायला लागलं, हे खरं.

भाभींनाही नणंदेकडे यायचं होतं. बाहेर आले तर पेटी गाडीत मागच्या बाजूला ठेवलेली, पांढऱ्या कापडात अशी सुबक शिवलेली की बघत राहावं. "आपली पॅकिंग होय ताई," सलीमभाई म्हणाले. "आता चिंताच नाही."

मला वाटलं, उन्हासाठी कापड चढवलंय. मी म्हटलं, "वा!" आणि गाडीत बसले. आमरसानं डोळे जड झाले होते.

काटेपूर्णा ओलांडल्यावर

रस्ता आता मोठा आणि गुळगुळीत झालाय. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं, एखादा निंब, त्याच्याखाली सावलीला चिकटून बसलेल्या बकऱ्या. काटेपूर्णा मागे पडली. पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त होते. भाभी सांगत होत्या की नसरीन लहानपणी त्याच नदीत बेडूक पकडायची.

आणि मागे धडाम झालं.

काय झालं ते मला कळायच्या आत गाडीत पांढरा धूर भरला. सलीमभाईंनी गाडी कडेला घातली, "या अल्ला!" म्हणत दार उघडलं. मी ओरडले, "उतरा! सगळे उतरा! दारं उघडी टाका!" तो वायू बंद जागेत कोंडला तर माणूस गुदमरतो. भाभींना मी हाताला धरून ओढलंच, आणि त्यांच्या सुजलेल्या मनगटाला किती कळ लागली असेल ते आत्ता लिहिताना सुचतंय.

मागचं दार उघडलं तर कापड टराटरा फाटलेलं, झाकण उडून काचेला आपटलेलं, आणि झाकणाच्या कडांना चारी बाजूंनी रुंद खाकी टेपचे पदर लोंबत होते. मी सलीमभाईंकडे पाहिलं.

"ताई, थंडाई वाया जाऊन राहिली होती ना," ते म्हणाले. "झाकणाले फट होती. मी म्हटलं, ताईच्या ध्यानात आलं नसन. चारी बाजूनं टेप मारला, वरून कापड शिवलं."

आयुष्यभर ज्या माणसानं एकाही खोक्याला फट राहू दिली नाही, त्याला फट दिसल्यावर तो दुसरं काय करणार? हे शहाणपण मला आता सुचतंय. त्या वेळी भर रस्त्यात उभी राहून मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. नसरीनचा थोरला भाऊ, माझ्याहून वयानं मोठा, मान खाली घालून ऐकत होता. मागून ट्रक भोंगे वाजवत जात होते.

बर्फाचे खडे डांबरावर सांडले होते आणि डोळ्यांदेखत धूर होऊन संपत होते. कुप्या गाडीत कुठे कुठे उडाल्या होत्या. एक मला सापडली, तडकलेली, आत काही नाही. दुसरी भाभींनी सीटखाली हात घालून दोन तळहातांत धरून काढली. ती वितळलेली होती, कोमट लागत होती. तिसरी पेटीच्या तळाला, उरलेल्या एकुलत्या एक खड्याला चिकटून होती आणि आतला थेंब अजून पांढरा होता. गोठलेला.

"हे एक हाय ना चांगलं?" भाभींनी विचारलं.

"एकच आहे."

त्यांनी डोक्यावरची ओढणी काढली, घडी करून पेटीत तो खडा आणि कुपी गुंडाळली, आणि झाकण वर नुसतं टेकवलं. त्या फटीकडे सलीमभाई बघत होते. खडा अमरावतीपर्यंत टिकणार नव्हता. ते मला दिसत होतं, आणि अकोल्यात किंवा मूर्तिजापुरात कोरडा बर्फ कुठे मिळेल हे तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. सलीमभाई गाडी पळवत होते. मी दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघत होते आणि दर वेळी खडा लहान झालेला असायचा. शेवटी भाभीच म्हणाल्या, "ताई, पाऊ नका ना. पायल्यानं जास्त जाते ते."

मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा एक मोटरसायकल आमच्या पुढे दिसली. मागे कॅरिअरला ॲल्युमिनियमचा बुटका डबा बांधलेला, वर बुचासारखं झाकण, आणि झाकणाखालून बारीक वाफ. मी सीटवरून उठलेच.

"सलीमभाई, त्या माणसाला थांबवा! काहीही करा, पण थांबवा!"

भोंगा वाजवत सलीमभाईंनी त्याला गाठलं. तो घाबरून कडेला थांबला. दुपट्टा सोडला तर आतून पिकल्या मिशांचे एक गृहस्थ. गुरांचे डॉक्टर, आडनाव इंगळे. डब्यात द्रव नायट्रोजन होता, आणि त्यात वळूच्या रेताच्या कांड्या. कोरडा बर्फ त्याच्यापुढे गरम म्हणायचा. मी भरभर सगळं सांगितलं. कान, संधिवात, यंत्र, धडाम. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बाई, देतो जागा. पण पयले मले त्या पांदणीनं जा लागते. गाय माजावर आली, थे काही थांबत नाही. तुमी मांगून या."

म्हणजे पुण्यात महिनोन्‌महिने राबून केलेली ती कुपी दोरा बांधून डॉक्टरांनी डब्याच्या गळ्यात लोंबती सोडली, आणि ती मोटरसायकलवरून पांदणीच्या, म्हणजे शेतातल्या वाटेच्या, खड्ड्यांतून गाईकडे निघाली. मागे आम्ही, धुळीत. गोठ्यात डॉक्टरांनी कांडी काढायला डबा उघडला तेव्हा मी त्यांच्या कोपराशी जाऊन उभी राहिले.

"बाई, सरका थोडं. गाईले तुमचं औषध नाही देत मी. डोये हायेत मले."

काम झाल्यावर त्यांनी आम्हाला मूर्तिजापुरात घरी नेलं. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात पडलेले होते तिथून जवळच. दुसरा एक लहान डबा त्यांच्याकडे होता, त्यात नायट्रोजन भरून दिला. सलीमभाईंनी पुढे होऊन बूच दाबून बसवायला घेतलं, तशी डॉक्टरांनी त्यांचा हात धरला.

"घट्ट नसते लावत, भाऊ. गॅसले निघाले जागा लागते."

सलीमभाईंनी हात मागे घेतला. बाकीच्या रस्त्यात मी त्यांची समजूत घातली नाही. राग उतरला नव्हता माझा.

अमरावती

नसरीन दारातच उभी होती. तिनं मला मिठी मारली, भाभींचे हात हातांत घेतले, भावाकडे बघून "भाईजान, क्या हुआ?" विचारलं. त्यांनी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अंदर आओ."

कुपी बर्फावर ठेवून हळूहळू वितळवली. प्रथिन यंत्राच्या काचेवर बसवलं. आता यंत्रात एकेका रक्तातला पाण्यासारखा भाग सोडायचा. काही चिकटलं तर पडद्यावरची रेघ वर जाते, नाहीतर आडवी राहते. पण सगळ्यात आधी कान जिवंत आहे की नाही ते बघायचं होतं, म्हणून त्याला हमखास चिकटणारं एक ठरलेलं प्रथिन सोडलं.

रेघ आडवीच राहिली.

नसरीननं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे. मागे स्टुलावर सलीमभाई बसले होते, त्यांना रेघेतलं काही कळत नव्हतं, पण आमच्या पाठी बघून त्यांना कळलं असावं. कोणीतरी चौकातून गिले वडे आणून ठेवले होते. अमरावतीला आलात तर ते खाल्ल्याशिवाय जाऊ नये असं सगळे सांगतात. ते दह्यात तसेच पडून राहिले, कोणी हात लावला नाही.

मग रेघ थरथरली आणि उठली. सावकाश, पण उठली. नसरीननं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता. कान जिवंत होता.

निरोगी माणसांचे नमुने आडवे गेले. तसेच जायला हवे होते. मग रुग्णांचे. आडवी, आडवी, आडवी. मी मनात नसरीनची समजूत घालायची वाक्यं जुळवायला लागले होते. मग एका नमुन्याला रेघ वर गेली. पुढे काही आडव्या, पुन्हा एक वर. नसरीन खुणा टिपून घेत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"नसरीन," मागून भाभी म्हणाल्या. "मह्यावालं कोणतं?"

नसरीन घुटमळली. संशोधनातला नमुना म्हणजे दवाखान्याचा रिपोर्ट नव्हे, असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. पण भाभी उठून जवळ आल्या होत्या. "मह्यंच रक्त होय ना? सांग मले."

नसरीननं खूण शोधली. वर गेलेल्या रेघांपैकी एक भाभींची होती. पण ती इतरांपेक्षा बुटकी होती, आणि मधेच हललेली. "बुडबुडा आला तरी असं दिसतं," नसरीन मला म्हणाली. "आणि तुझं प्रथिन एकाच खेपेपुरतं उरलंय."

त्या एका खेपेत नवीन रुग्णाचा नमुना बघता आला असता. शास्त्र म्हणून तेच योग्य होतं. नसरीन माझ्याकडे बघत होती, कारण प्रथिन माझं होतं.

"भाभींचंच पुन्हा लाव," मी म्हटलं.

भाभी आपली सुजलेली बोटं एकमेकांत अडकवायचा प्रयत्न करत उभ्या होत्या आणि ती अडकत नव्हती. रेघ सुटली, थोडी आडवी गेली, आणि चढायला लागली. न हलता, न अडखळता. पहिल्यापेक्षा उंच.

नसरीन खुर्चीत मागे टेकली. मग ती भावाकडे वळली आणि मराठीत बोलली, बहुधा मलाही ऐकू जावं म्हणून. "भाईजान, हे निदान नाही. अजून खूप तपासायचंय. पण भाभीच्या रक्तात त्या जागेला चिकटणारं काहीतरी आहे."

सलीमभाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे... गोळ्या घेऊनबी दुखू शकते?"

"हो. रोज घेतल्या तरी."

"घेतच होती मी," भाभी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत. सलीमभाई उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. आम्ही गिले वडे खाल्ले. दही आंबट झालं होतं, तरी सगळे संपवले.

परतताना

शनिवारी सकाळी यंत्र गेलं आणि आम्हीही निघालो. मागच्या सीटवर डॉक्टर इंगळ्यांचा रिकामा डबा होता. बूच सैल ठेवलेलं. ते सलीमभाईंनीच बघून घेतलं होतं. आदल्या दिवशी मी त्यांना बोलले त्याबद्दल मी माफी मागितली. ते म्हणाले, "बोलल्या ते बरं केलं, ताई."

मूर्तिजापूरला डॉक्टर अंगणात गाईच्या मालकाशी बोलत होते. सलीमभाई डबा घेऊन उतरले. मी आणि भाभी गाडीतच होतो, काचा खाली होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "पोचलं ना सामान नीट?"

"पोचलं, डॉक्टरसाहेब." सलीमभाईंनी डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता वळतील. ते तिथेच उभे राहिले. "मही बायको गोळ्या बरोबर घेत होती," ते म्हणाले. "तिची काही चूक नव्हती. मीच लोकायले सांगत होतो, घेत नाही म्हून."

डॉक्टरांनी काहीच विचारलं नव्हतं. ते आणि तो गाईचा मालक, दोघंही गोंधळून बघत राहिले. "बरं, बरं," डॉक्टर म्हणाले. "चहा घ्या मंग."

"नाही, निंगतो. अजून जठारपेठेतबी सांगा लागते."

मी भाभींकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. त्यांनी ओढणी सारखी केली, खिडकीबाहेर तोंड काढलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"घ्या ना चहा. येवढं म्हणून राहिले डॉक्टरसाहेब. मी थांबते."